जमावाच्या डोळ्यांदेखत

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, सह्याद्रीच्या डोंगररांगा गुजरातच्या सरहद्दीला भिडतात त्या आदिवासी पट्ट्यात राईनपाडा हे लहानसे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या बाजूने भिक्षेसाठी हिंडत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच इसम त्या बाजारात आले. मुले पळवून नेणारी टोळी मुलखात उतरल्याची आवई त्या सुमारास मोबाइलवरून गावोगाव पसरलेली होती. त्या पाचांपैकी कोणी एका लहान मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले आणि हां हां म्हणता शेकडो लोकांचा जमाव त्यांच्यावर तुटून पडला. त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेण्यात आले आणि तेथे काठ्या, दगड, हाताला लागेल ते घेऊन मारता मारता पाचही जण गतप्राण झाले. पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या दप्तरी या घटनेची नोंद झाली, धरपकड झाली आणि पुढचे सारे न्यायालयाच्या हाती गेले.

या घटनेतील अमुक आरोपी दोषी की निर्दोष, हे ठरवण्याचा अधिकार ग्रंथकाराला नाही आणि तशी हौसही नाही. या प्रकरणाचा विषय निराळा आहे. भर दिवसा, भर बाजारात, शेकडो डोळ्यांसमोर झालेला खून शाबीत करणे हे सामान्य माणसाला जितके सोपे वाटते, तितकेच ते फौजदारी कायद्याच्या दृष्टीने बिकट असते. निर्जन शेतात एकाच साक्षीदाराच्या समक्ष झालेला खून पुष्कळदा त्याहून सुलभपणे शाबीत होतो. असे का व्हावे, हे नीट उलगडले तर पुराव्याच्या कायद्याचे निम्मे अंतरंग आपोआप उघडे होते.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज विधिज्ञाने रचलेला १८७२ चा भारतीय पुरावा कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ या देशात चालला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. त्या जुन्या कायद्याचे १३४ वे कलम एका ओळीचे होते: कोणतीही गोष्ट शाबीत करण्यास साक्षीदारांची ठरावीक संख्या लागणार नाही. नव्या अधिनियमात तेच कलम १३९ या क्रमांकाखाली जसेच्या तसे उतरले आहे. आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्राची दृष्टी निदान प्रथमदर्शनी याच्या उलट होती. मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही साक्षीदार किमान तीन असावेत असे सांगतात, आणि ते कोणत्या शीलाचे, कोणत्या वृत्तीचे असावेत याची लांबलचक यादीही देतात. तथापि याज्ञवल्क्याने त्याच ठिकाणी दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत: उभय पक्षांना मान्य असलेला धर्मज्ञ साक्षीदार एकटाही पुरतो, आणि चोरी, मारहाण, साहस असल्या प्रकरणांत वाटेल तो माणूस साक्षीस चालतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील व्यवहारखंड ज्यांनी वाचला असेल त्यांना यात नवल वाटणार नाही. हिंसा घडते तेव्हा जवळ कोण उभे असेल याची निवड कोणाच्या हाती नसते, हे त्या शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली वडिवेलु थेवर खटल्यात हाच विचार आधुनिक भाषेत मांडला. न्यायमूर्ती भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी साक्षीदारांचे तीन वर्ग पाडले: सर्वस्वी विश्वासार्ह, सर्वस्वी अविश्वासार्ह, आणि या दोहोंच्या मधला. पहिल्याच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा देता येते, दुसऱ्यासारखे वीस आणले तरी उपयोग नाही. न्यायाधीशाची खरी कसोटी तिसऱ्यापाशी लागते, कारण त्याच्या साक्षीला बाहेरचा टेकू शोधावा लागतो. साक्ष तोलायची असते, मोजायची नसते, हे सूत्र यातून रूढ झाले आणि ते खानदेशातल्या कोणत्याही सत्र न्यायालयात आठवड्यातून एकदा तरी कोणा ना कोणा वकिलाच्या तोंडून ऐकू येते.

परंतु जमावाचा प्रश्न आला की हेच न्यायालय मोजू लागते. १९६४ साली मसाल्टी खटल्यात उत्तर प्रदेशातील एका सामूहिक हत्याकांडाचा निकाल देताना सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर या मराठी न्यायमूर्तींनी असा दंडक सांगितला, की आरोपी पुष्कळ आणि बळीही पुष्कळ असतील तेथे एखाद्या आरोपीला दोषी धरण्यासाठी दोन, तीन किंवा त्याहून अधिक साक्षीदारांनी त्याचे नाव सुसंगतपणे घेतलेले असावे. ही कसोटी एका अर्थी यांत्रिक आहे हे त्यांनी स्वतःच कबूल केले. ती अविवेकी मात्र म्हणता येणार नाही, असेही लगोलग बजावले. त्यांच्या या कबुलीत मला न्यायबुद्धीचा फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो, कारण कायद्याने ज्या गोष्टीची मनाई केली नाही पण आवश्यकताही सांगितली नाही, ती ते निव्वळ सावधगिरी म्हणून मागत होते.

त्या सावधगिरीचे कारण बेकायदेशीर जमावाच्या व्याख्येत आहे. पाच किंवा अधिक माणसे समान अवैध उद्देशाने एकत्र आली आणि त्यांपैकी एकाने खून केला, तर जुन्या दंडसंहितेच्या १४९ व्या कलमाप्रमाणे, म्हणजे आताच्या न्याय संहितेच्या १९० व्या कलमाप्रमाणे, त्या जमावातला प्रत्येक जण खुनाला जबाबदार ठरतो. काठी कोणाची लागली हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. हे शस्त्र दुधारी आहे. त्याच्यावाचून जमावातील एकही मारेकरी हाती लागणार नाही; आणि त्याच्यामुळेच भाजीची पिशवी हातात धरून काय गडबड आहे ते पाहायला थांबलेला बाजारकरूही फासाच्या छायेत येतो. केवळ कुतूहलाने उभा असलेला बघ्या जमावाचा घटक ठरत नाही हे मसाल्टीतच स्पष्ट केले आहे, पण बघ्या कोण आणि घटक कोण हे सांगणार अखेर साक्षीदारच. तो साक्षीदारही त्याच गर्दीत रेटारेटी सोसत, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून पाहत उभा होता, आणि कित्येकदा त्याला गावातल्या कोणाशी जुने उसने फेडायचे असते. अशा वेळी एकाच तोंडून आलेल्या नावावर न्यायालय विसंबत नाही, ते रास्तच म्हटले पाहिजे.

राईनपाड्यासारख्या घटनेत गजेंद्रगडकरांच्या काळी नसलेला एक साक्षीदार हजर असतो, तो म्हणजे खिशातला मोबाइल. मारहाणीची चित्रणे देशभर फिरली आणि पुष्कळांना वाटले की आता साक्षीदारांची गरजच संपली. वस्तुस्थिती तशी नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर त्यावरील मजकुराच्या प्रतीला कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. दावा निवडणुकीचा असला तरी दंडक खुनाच्या खटल्यालाही लागू. नव्या अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने तर या प्रमाणपत्राचे दोन भाग केले असून एक उपकरण बाळगणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा आहे. दहा गटांतून पुढे ढकलले जात आलेले चित्रण पोलिसांच्या हाती पडते तेव्हा ते प्रथम कोणी टिपले याचा ठावठिकाणा लागत नाही, आणि टिपणारा सापडलाच तर तो तेथे काय करीत होता हा प्रश्न त्याला स्वतःलाच अडचणीत आणतो. साहजिकच तो फोन हरवल्याचे सांगतो. एवढ्यावर निभावले तरी पडद्यावरचा निळ्या सदऱ्याचा माणूस म्हणजे कठड्यातला हाच माणूस, हे सांगायला पुन्हा त्याला ओळखणारा गावकरी लागतोच.

आणि गावकरी बोलत नाही. यात केवळ भीती असते असे समजणे चूक आहे. साक्री, नवापूर, अक्कलकुवा या भागांतील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी वर्षातले काही महिने गुजरातेत जातात; समन्स घेऊन पोलीस शिपाई पाड्यावर पोचतो तेव्हा घराला कडी असते आणि समन्स ‘इसम मिळून येत नाही’ या शेऱ्यानिशी परत फिरते. खटला वर्षानुवर्षे लांबतो. दरम्यान आरोपीच्या घरची सोयरीक साक्षीदाराच्या भावकीत जुळलेली असते, आणि ज्या पाच माणसांसाठी बोलायचे ती तर शेकडो मैलांवरची, अनोळखी. साक्षीदार पिंजऱ्यात येतो आणि मला काही माहीत नाही म्हणतो. सरकारी वकील मग न्यायालयाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी करतात; यालाच साक्षीदार फितूर होणे म्हणतात. फितूर साक्षीदाराची जबानी सबंध कचऱ्यात जाते हा मात्र लोकभ्रम आहे. तिचा जो भाग इतर पुराव्याशी जुळतो तो न्यायालय घेऊ शकते. राईनपाड्याच्या घटनेला पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या संदर्भात सरकारांना सविस्तर आदेश दिले, आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. कागदावर योजना उत्तम आहे. पण मजुरीवर पोट असणाऱ्या माणसाला संरक्षणाइतकीच बुडालेल्या रोजाची आणि एस. टी. च्या भाड्याची चिंता असते, आणि साक्षीदाराचा भत्ता हा आपल्या न्यायव्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित विषय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या न्याय संहितेने १०३ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात झुंडीने केलेल्या खुनाला स्वतंत्र स्थान दिले, हे खरे. पण तेथे वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारण लागते. मुले पळवणारे समजून मारले, हे कारण त्यात कोठे बसवायचे? परमुलखातला म्हणून संशय आला असे म्हणून ते जन्मस्थानात ओढून आणता येईल कदाचित. पण हा खल वकिलांसाठी सोडून देऊ.

जमाव बाजूला ठेवून आता खानदेशातल्या नेहमीच्या खुनाकडे येऊ. बांधाचा वाद, विहिरीच्या पाण्याची पाळी, भाऊबंदकीतली वाटणी, अशी त्याची कारणे ठरीव आहेत. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात त्यात आणखी एकाची भर पडते: वैराने रात्रीत दुसऱ्याची उभी बाग कापून टाकणे. पंपाची वीज रात्रीची येते म्हणून शेतकरी रात्रीच बारे धरायला जातो, आणि म्हणून येथल्या कित्येक खटल्यांचा सारा भार एका प्रश्नावर येऊन पडतो: अंधारात ओळखले कसे? साक्षीदार म्हणतो, बॅटरीच्या उजेडात. मग ती बॅटरी जप्त केली का, तिचा पंचनामा आहे का, केळीच्या दाट पानांतून किती हातांवर उजेड पडतो, अमावास्या होती की चतुर्दशी, असा उलटतपासणीचा ससेमिरा सुरू होतो. ओळखीच्या माणसाला चालीवरून, आवाजावरून ओळखता येते हे न्यायालये मानतात. तरी न सापडलेल्या बॅटरीने सुटलेले आरोपी थोडे नाहीत.

पंचनामा हा शब्द आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागची कल्पना आपण विसरलो. पोलिसाने जे पाहिले, उचलले, ते गावातल्या दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसांनीही पाहिले असावे, ही ती कल्पना. खुनाच्या जागी पंच उभे राहतात. तपासी अंमलदार चतुःसीमा लिहून घेतो. रक्तमिश्रित माती एका डबीत आणि तुलनेसाठी जवळचीच साधी माती दुसऱ्या डबीत भरली जाते. त्यांवर पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या डकवून लाखेची मोहोर होते. आणि तो मुद्देमाल रासायनिक विश्लेषकाकडे रवाना होतो. साखळी अशी सुबक असते. दोनतीन वर्षांनी तेच पंच शपथेवर सांगतात, ‘माझ्या समक्ष काही झाले नाही, मला ठाण्यात बोलावून कागदांवर सह्या घेतल्या.’ त्यांतले काही खोटे बोलतात आणि काही, दुर्दैवाने, खरे बोलतात. ठाण्याच्या आसपास चहाच्या टपरीवर सदैव उपलब्ध असणारा सराईत पंच ही संस्था ज्यांनी पोसली, त्यांनीच पंचनाम्याची किंमत उतरवली. आता झडती आणि जप्तीचे चित्रण करण्याची, तसेच सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची सक्ती फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने आणली आहे. तिचा परिणाम दिसायला काही काळ जावा लागेल.

उलटतपासणीचे खरे कौशल्य वाचकाला सिनेमात दिसते तसे गर्जनेत नसते, ते लोप शोधण्यात असते. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो जबाब स्वतःहून पुरावा होत नाही. त्याचा उपयोग फक्त साक्षीदाराला खोडण्यासाठी करता येतो. साक्षीदार न्यायालयात म्हणतो, आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती. बचावाचे वकील शांतपणे विचारतात, ‘पोलिसांना जबाब देताना तुम्ही हे सांगितले होते?’ ‘सांगितले होते.’ ‘मग जबाबात ते लिहिलेले नाही, याचे काय कारण?’ यावर धुळ्यापासून जळगावापर्यंत एकच ठरीव उत्तर मिळते: ‘कारण सांगता येणार नाही.’ पुढे तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की त्याच्याकडून वदवून घ्यायचे, की होय, साक्षीदाराने कुऱ्हाडीचा उल्लेख माझ्यापाशी केला नव्हता. एवढ्याने लोप शाबीत झाला. तो महत्त्वाचा की किरकोळ, हे न्यायाधीशाने ठरवायचे. बापाला डोळ्यांदेखत पडताना पाहिलेल्या मुलाने सदऱ्याचा रंग सांगायचा राहून गेला तर तो किरकोळ. मारणाऱ्याचे नाव राहून गेले तर मात्र ते साऱ्या खटल्याच्या मुळावर येते. उज्ज्वल निकम यांच्यासारखे पुढे मुंबईतील मोठमोठ्या खटल्यांनी देशभर गाजलेले सरकारी वकील जळगावच्या जिल्हा न्यायालयातून घडले, ते असल्याच जबाबांच्या आणि पंचनाम्यांच्या चिकट कामातून.

पाहणारा कोणीच नसेल तेव्हा कधी कधी मेलेला माणूसच बोलतो. नागपूरच्या गिरणी कामगारांतील दोन तटांच्या वैरातून फेब्रुवारी १९५६ मध्ये एका कामगारावर प्राणघातक हल्ला झाला, आणि मरण्यापूर्वी त्याने डॉक्टर, फौजदार आणि मॅजिस्ट्रेट यांच्यापुढे निरनिराळ्या वेळी हल्लेखोरांची नावे सांगितली. खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य म्हणून प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात पुन्हा सिन्हा यांनीच, त्याच १९५७ साली, ठरवले की मृत्युपूर्व जबानी खरी वाटली तर तिला दुजोऱ्याची गरज नाही. त्यापूर्वीचे एक मत याच्या विरुद्ध होते, ते यामुळे बाजूला पडले. इस्पितळात भाजलेल्या सुनेची जबानी घ्यायला येणारा नायब तहसीलदार, आणि रोगी शुद्धीवर आहे असा शेरा मारणारा डॉक्टर, यांच्या कामाचा पाया तो निकाल आहे. डॉक्टरचा शेरा नसला तरी जबानी घेणाऱ्याची खात्री पटलेली असल्यास ती ग्राह्य धरावी, असे २००२ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्रातल्याच लक्ष्मण खटल्यात सांगितले.

निव्वळ परिस्थितीजन्य पुराव्याचे शास्त्र १९८४ च्या पुण्याच्या सारडा खटल्यातून येते. सत्र न्यायालयाने फाशी दिलेला, उच्च न्यायालयानेही दोषी धरलेला आरोपी सर्वोच्च न्यायालयाने सोडला, आणि न्यायमूर्ती फझल अली यांनी घातलेले पाच नियम तेव्हापासून पंचशील म्हणून ओळखले जातात. आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळेल असा एकही पर्याय शिल्लक राहता कामा नये, हे त्यांचे सार. पोलिसांपुढील कबुली पुरावा नव्हे, पण तिच्यातून काही हाती लागले तर तेवढ्यापुरती ती ग्राह्य, या नियमाचे सुंदर उदाहरण २००० साली निकालात निघालेल्या दामू शिंदे खटल्यात आहे. मुलाचे प्रेत मोटारसायकलवरून नेल्याचे आरोपीने सांगितले. त्याने दाखवलेल्या जागी काचेचा एक तुकडा सापडला, आणि तो त्या गाडीच्या मागच्या दिव्याच्या फुटलेल्या काचेशी तंतोतंत जुळला.

अखेर एका अशा खटल्याकडे वळतो, ज्यात साक्षीदाराने स्वतः जखमा सोसल्या होत्या. धुळे आणि जळगाव ज्या पोलीस परिक्षेत्रात येतात त्याच परिक्षेत्रातील नाशिक जिल्ह्यात ५ जून २००३ च्या रात्री शेतवस्तीवरील एका कुटुंबावर दरोडेखोरांनी हल्ला केला. पाच जणांचा जीव गेला, स्त्रियांवर अत्याचार झाले, आणि त्या घरची आई व मुलगा तेवढे वाचले. भटक्या जमातीतील सहा जणांवर खटला चालला आणि त्या दोघांनी त्यांना ओळखले. जखमी साक्षीदाराहून भक्कम साक्षीदार कायद्याला ठाऊक नाही, कारण तो तेथे हजर होता यावर त्याच्या जखमाच शिक्कामोर्तब करतात, आणि खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्याचे नाव घेण्याचे त्याला कारण नसते. सहाही जणांना फाशी झाली; उच्च न्यायालयाने तिघांची कमी केली; ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सहांनाही दिली. पुढे फेरविचारात दप्तर नव्याने उलगडले गेले, तेव्हा त्यातच असलेला एक कागद बोलू लागला. घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांनी त्या मातेला सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखवला होता, आणि स्मृती ताजी असताना तिने त्यांतील चार जणांवर बोट ठेवले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांना पकडण्यात आले नाही, त्यांचा तपास झाला नाही. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर आणि शहा यांच्या पीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली, प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा हुकूम राज्य सरकारला केला, आणि तपासातल्या कसुरीला जबाबदार असणारे अधिकारी शोधून काढण्यास गृहखात्याला फर्मावले.